दोन दिवस दोघांचे : हैदराबादची सहल



आपल्या घरांतून 'फिरायला जाणे' हा शब्द फारसा ऐकू येत नाही. आपण लग्नाला जातो, मयतीला जातो, दवाखान्यात जातो. ऑक्टोबरात नागपूरला जातो, डिसेंबरात मुंबईला जातो. पण नवरा-बायकोने दोघांनीच, काही काम नसताना, एखादे शहर बघायला जावे, तिथले चार पदार्थ खावेत आणि परत यावे, ही गोष्ट पैसेवाल्यांची, असे आपण धरून चाललो आहोत.

आम्हीही त्यातलेच. लग्नाला बावीस वर्षे झाली. २०२० सालापासून राज्य सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा झाला, म्हणजे शनिवार-रविवार मोकळे. पण आमचा शनिवार समितीच्या बैठकीत जायचा आणि रविवार शिबिरात. घरी सहचारिणी स्वयंपाक करून, मुलांचे, सासूचे आवरून आमची वाट बघायच्या. कार्यकर्ते घरी आले की पंधरा-वीस कप चहा त्यांच्याच हातचा. व्यासपीठावर आम्ही स्त्रियांच्या हक्कांवर बोलायचो, तेव्हा त्या बहुधा भांडी घासत असत.

एके रात्री त्या सहज म्हणाल्या, "अहो, तुम्ही सगळ्या जिल्ह्याला रस्ता दाखवता. माझ्यासोबत एकदा तरी कुठे गेलात का?" बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागले. आम्ही विचारले, "कुठे जायचे?" त्यांनी लगेच उत्तर दिले, "हैदराबादला."

हैदराबादच का?

याला कारण होते. आमचे सासरे, त्यांना घरात सगळे अण्णा म्हणत. सुगी संपली की ते गावच्या चार-पाच जणांसोबत हैदराबादला बांधकामावर जात. मराठवाड्याच्या माणसाला हैदराबाद परके नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानातच होता. राज्य गेले, पण पोटासाठी तिकडे जाणारी माणसे जातच राहिली.

१९९० सालच्या उन्हाळ्यात अण्णा घरी आले, तेव्हा त्यांनी दोन गोष्टी आणल्या. एक म्हणजे लेकीसाठी लाखेच्या बांगड्या. लेक आठ वर्षांची, बांगड्या थोराड बाईच्या मापाच्या. दुसरी एक बातमी. हैदराबादच्या मोठ्या तळ्यात उभी करायला नेलेली बुद्धांची दगडी मूर्ती पाण्यात बुडाली आणि काही माणसे दगावली, हे त्यांनी ओसरीवर बसून सगळ्यांना सांगितले. पुढच्या वर्षी कामावर त्यांच्या पाठीला मार लागला आणि हैदराबाद सुटले. "मूर्ती वर काढली की तुला दाखवायला नेतो," असे लेकीला म्हणालेले अण्णा पुढे वारले. ते नेणे राहूनच गेले. ही हकीगत बावीस वर्षांत सहचारिणींनी आम्हाला एकदा नव्हे, दहादा सांगितली असेल. आम्ही दर वेळी "जाऊ, जाऊ" म्हणून मोकळे झालो.

या वेळी मात्र कपाटात एक पाकीट ठेवले, त्यावर 'हैदराबाद' असे लिहिले आणि दरमहा ५०० रुपये त्यात टाकत गेलो. वर्षभरात ६,००० रुपये झाले. हिवाळ्यातला एक शुक्रवार ठरला. मुले मोठी आहेत, आमच्या मातोश्री घरी होत्या. त्याच सुनेला म्हणाल्या, "जा बाई, दोन दिवस घर काही पळून जात नाही."

शनिवार : चहा, संग्रहालय आणि एकच ठोका

जालन्याहून रात्री अजिंठा एक्स्प्रेसने निघालो. परभणी, नांदेड, निजामाबाद करीत गाडी सकाळी काचीगुड्याला पोहोचते. स्टेशनजवळ एका साध्या लॉजमध्ये खोली घेतली, तोंड धुतले आणि पहिले पाऊल टाकले ते इराणी हॉटेलात.

इराणी चहा आपल्या चहासारखा एकाच भांड्यात उकळत नाहीत. चहाचे पाणी झाकण घट्ट लावून मंद आचेवर वेगळे मुरवतात, दूध वेगळे आटवतात आणि कपात दोन्ही एकत्र करतात. रंग बदामी, चव दाट. सोबत उस्मानिया बिस्कीट, गोडही आणि खारटही. सहचारिणी बशीत चहा ओतून प्यायल्या. म्हणाल्या, "आज पहिल्यांदा कोणीतरी मला आयता चहा दिला." आम्ही मान खाली घालून बिस्कीट बुडवत बसलो.

तिथून बसने सालारजंग संग्रहालयाकडे निघालो. बसमध्ये एक गंमत झाली. तेलंगणात डिसेंबर २०२३ पासून महिलांना साध्या बसने फुकट प्रवास सुरू झाला. कंडक्टर बाईंनी सहचारिणींचे आधार कार्ड मागितले, त्यावर महाराष्ट्राचा पत्ता पाहिला आणि हसत पूर्ण तिकीट फाडले. ही सवलत त्या राज्यात राहणाऱ्या महिलांनाच आहे. सहचारिणी म्हणाल्या, "असू दे. आपल्या एस.टी.त निम्मे तरी आहे." आपल्याकडे ती सवलत मार्च २०२३ पासून आहे.

सालारजंग संग्रहालय मुसी नदीच्या काठावर आहे. तिसरे सालारजंग, मीर युसुफ अली खान, हे काही काळ निजामाचे दिवाण होते. लग्न केले नाही, सारा पैसा आणि आयुष्य वस्तू जमवण्यात घातले. १९४९ साली ते वारले आणि १९५१ साली त्यांचा संग्रह लोकांसाठी खुला झाला. आजची इमारत १९६८ पासूनची. एका माणसाच्या घराण्याने जमवलेले हे धन आता कोणीही तिकीट काढून बघू शकतो, हे आम्हाला फार बरे वाटले.

इथे सगळे बघायचे म्हटले तर दोन दिवस पुरणार नाहीत. पण तीन गोष्टी चुकवू नयेत. पहिली, बुरख्यातली रेबेका. इटलीच्या बेंझोनी या शिल्पकाराने घडवलेली ही संगमरवरी मूर्ती. तोंडावरचा झिरझिरीत पदर दगडाचाच आहे, पण त्यातून चेहरा दिसतो. सहचारिणी तिच्यासमोरून हलेनात. दुसरी, एकाच लाकडात कोरलेली दुहेरी मूर्ती. पुढून पाहिली तर ताठ उभा मेफिस्टोफिलीस, म्हणजे युरोपातल्या कथेतला सैतान. मागच्या आरशात पाहिली तर मान खाली घातलेली मार्गारेटा.

तिसरी गोष्ट म्हणजे प्रसिद्ध घड्याळ. दर तासाला आतून एक छोटा दाढीवाला माणूस बाहेर येतो आणि जितके वाजले तितके ठोके देतो. समोर बाके मांडलेली आहेत, दोन-तीनशे माणसे तोंड वर करून बसलेली. आम्ही पोहोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते. पाऊण तास जागा धरून बसलो. एक वाजता तो दाढीवाला आला, एकच ठोका दिला आणि निघून गेला. सहचारिणी हसून म्हणाल्या, "एवढ्यासाठी बसलो होय?" वाचकांनी आमच्यासारखे करू नये. बाराच्या आधी जावे, म्हणजे पुरे बारा ठोके मिळतात.

चारमिनार आणि आमची चूक

दुपारी चारमिनार गाठले. मुहम्मद कुली कुतुबशहाने १५९१ साली हे शहर वसवताना ही इमारत बांधली. चार कमानी चार रस्त्यांवर उघडतात, चार कोपऱ्यांना चार मिनार. तिकीट काढून अरुंद गोल जिन्याने पहिल्या मजल्यावर जाता येते. तिथून खाली पाहिले की फळांच्या गाड्या, रिक्षा, बुरख्यातल्या बाया, लुगड्यातल्या बाया, सगळे एकाच गर्दीत दिसते. शेजारी मक्का मशीद. तिचे काम १६१७च्या सुमारास सुरू झाले आणि १६९४ साली औरंगजेबाच्या काळात पुरे झाले. अंगणात कबुतरांचे थवे.

खाली उतरलो आणि आमचा फोन वाजला. समितीतले कार्यकर्ते होते. पुढच्या कार्यक्रमाच्या मंडपाचा वाद. आम्ही बाजूला उभे राहून समजूत घालू लागलो. एक फोन संपला, दुसरा आला, मग तिसरा. मान वर केली तेव्हा चाळीस मिनिटे झाली होती आणि सहचारिणी शेजारी नव्हत्या.

त्यांचा फोन लॉजवर चार्जिंगला. चारमिनारला चार कमानी, चारही बाजूंना हीऽ गर्दी. आम्ही एक फेरी मारली, दुसरी मारली. घाम फुटला. बावीस वर्षे जे चालले होते तेच इथेही झाले, हे तेव्हा लख्ख कळले. आम्ही बोलत उभे आणि त्या एकट्या.

मग डोक्यात आले, बांगड्या! चारमिनारच्या पश्चिमेला लाड बाजार आहे, बांगड्यांची पेठ. धावतच शिरलो. दोन्ही बाजूंना दिव्यांनी लखलखणारी दुकाने. बऱ्याच आत, एका छोट्या दुकानाच्या पायरीवर सहचारिणी निवांत बसल्या होत्या आणि कारागिराचे काम बघत होत्या. आम्हाला पाहून एवढेच म्हणाल्या, "झाली का बैठक?"

आम्ही त्यांच्या देखत फोन बंद केला आणि रविवारी रात्री गाडीत बसेपर्यंत उघडला नाही. मंडपाचा वाद आमच्याविना मिटला, हे मागाहून कळले.

लाखेची बांगडी कशी बनते ते तिथे बसून पाहिले. शेगडीतल्या निखाऱ्यावर लाख मऊ करतात, तिची लांब वळी करून गोल वाकवतात, रंगीत लाख वरून चढवतात आणि गरम आहे तोवर एकेक खडा चिमट्याने बसवतात. निखाऱ्याजवळ दिवसभर बसून डोळ्यांचे आणि बोटांचे काम. २०२४ साली हैदराबादच्या लाखेच्या बांगड्यांना भौगोलिक मानांकन मिळाले.

सहचारिणींनी भाव केला. दुकानदार म्हणाला, "क्या अम्मा, इत्ता कम नक्को बोलो." आमचा 'नको' तिथे 'नक्को' होऊन कधीचा राहायला गेला आहे. ४०० चा जोड २५० ला ठरला. मुलीसाठी एक, मातोश्रींसाठी एक आणि एक स्वतःसाठी. दुकानदाराने हात दाबून माप घेतले तेव्हा त्या म्हणाल्या, "अण्णांनी माप न घेता आणल्या होत्या. आज मी माप देऊन घेते आहे."

रविवार : गोवळकोंड्याची टाळी आणि बिर्याणी

रविवारी सकाळी गोवळकोंडा. मेहदीपट्टणमपर्यंत एक बस, पुढे दुसरी. मूळचा हा मातीचा किल्ला काकतीयांच्या काळातला, तो कुतुबशहांनी दगडी केला. राज्यातल्या खाणींतून येणाऱ्या हिऱ्यांचा इथे मोठा बाजार भरे. खाणी किल्ल्यात नव्हत्या, कृष्णेच्या काठच्या कोल्लूरसारख्या गावी होत्या. १६८७ साली आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर, आतल्याच माणसाने दरवाजा उघडून दिल्यामुळे, किल्ला औरंगजेबाच्या हाती पडला. फितुरी तटबंदीला भारी पडते, ही गोष्ट चळवळीतल्या माणसाला वेगळी सांगायला नको.

फतेह दरवाजाच्या घुमटाखाली ठरावीक जागी टाळी वाजवली की तिचा आवाज उंच टेकडीवरच्या बाला हिसारपर्यंत ऐकू जातो. पहारेकऱ्यांनी वर इशारा देण्याची ही सोय होती. आम्ही ठरवले, सहचारिणी वर जातील आणि आम्ही खालून टाळी वाजवू. पायऱ्या साडेतीनशेच्या वर. त्या चार बायांच्या घोळक्यासोबत भराभर चढून गेल्या. आम्ही अंदाजाने वेळ मोजून टाळ्या वाजवल्या, मागून धापा टाकीत वर पोहोचलो आणि विचारले, "ऐकू आली का?" त्या म्हणाल्या, "खाली पन्नास जण वाजवत होते. त्यातली तुमची कोणती, हे कसे कळावे? पण कोणीतरी वाजवली, हे ऐकले." दोघेही पोटभर हसलो. वरून सारे शहर दिसते. डोंगरावर पाणी चढवायला रहाट आणि मातीचे नळ होते, त्यांचे अवशेष अजून आहेत. सकाळी लवकर जावे, ऊन चढल्यावर दगड तापतो.

दुपारी बिर्याणी. हॉटेल मोठे, दाराशी रखवालदार, आत थंड हवा. आमचे पाय आपोआप बाहेरच्या साध्या बाकांकडे वळले. सहचारिणी म्हणाल्या, "आत बसायचे. पैसे देऊनच खाणार आहोत ना?" आत बसलो. कोणी काही म्हणाले नाही. संकोच आमच्याच मनात होता.

हैदराबादी कच्च्या बिर्याणीत मटण आधी शिजवत नाहीत. दही, आले-लसूण, मिरची, गरम मसाला लावून मुरवलेले कच्चे मटण तळाशी, त्यावर अर्धवट शिजलेला तांदूळ, वर केशर आणि तळलेला कांदा. हंडीचे तोंड कणकेने बंद करून मंद आचेवर दम देतात. मटण आणि भात एकाच वेळी शिजून निघतात, यातच आचाऱ्याची परीक्षा. एका प्लेटमध्ये दोघांचे भागते. सोबत दह्याची चटणी आणि मिरचीचे सालन. सालनात शेंगदाणे, तीळ, खोबरे आणि चिंच. पहिला घास घेताच सहचारिणी म्हणाल्या, "हे वाटण आपलेच आहे की!" शेवटी खुबानीचे मीठे, म्हणजे सुक्या जर्दाळूंचा गोड लगदा, वर साय. पावाच्या तुकड्यांचे 'डबल का मीठा'ही असते. रमजानमध्ये जाणाऱ्यांनी हलीम जरूर खावे. त्याला २०१० सालीच भौगोलिक मानांकन मिळाले आहे.

तळ्यातले बुद्ध

गाडीला तीन तास होते. लुंबिनी पार्कमधून बोटीत बसलो. हुसेन सागर हे तळे सोळाव्या शतकातले. त्याच्या मधोमध खडकावर तथागतांची पांढऱ्या ग्रॅनाइटची, एकाच दगडातून घडवलेली सुमारे ५८ फूट उंचीची मूर्ती उभी आहे. एन. टी. रामाराव मुख्यमंत्री असताना ती घडवण्याचे काम सुरू झाले. दगड भोंगीरजवळच्या रायगिरीचा. १९९० साली तराफ्यावरून नेताना ती तळ्यात कोसळली आणि काही जणांचा जीव गेला. दोन वर्षांहून अधिक काळ मूर्ती पाण्याच्या तळाशी होती. नंतर ती बाहेर काढून १ डिसेंबर १९९२ रोजी उभी केली. एवढे होऊनही ती शाबूत होती.

बोट टेकली. माणसे फोटो काढू लागली. सहचारिणी चौथऱ्याला एक फेरी घालून आल्या, समोर उभ्या राहिल्या, हात जोडले. आम्ही जवळ गेलो तेव्हा म्हणाल्या, "अण्णांना एवढेच माहीत होते की बुडाली. उभी राहिलेली त्यांनी पाहिलीच नाही." थोडा वेळ गेला. मग म्हणाल्या, "यांना उभे करताना माणसे गेली, तीही अण्णांसारखीच असतील." आमच्याजवळ यावर भाषण नव्हते. आम्ही शेजारी उभे राहिलो, एवढेच केले. तेवढेच हवे होते, असे वाटते.

परत येताना काठावरून बाबासाहेबांचा १२५ फुटी पुतळा दिसतो. १४ एप्रिल २०२३ रोजी त्याचे अनावरण झाले. घडवला आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरच्या राम सुतार यांनी. याच शहरातल्या उस्मानिया विद्यापीठाने १२ जानेवारी १९५३ रोजी बाबासाहेबांना डी.लिट. ही सन्मानाची पदवी दिली होती. रस्त्यावर एक तेलुगू कुटुंब फोटो काढत होते. त्यांची भाषा आम्हाला येईना, आमची त्यांना. पण त्या गृहस्थाने 'जय भीम' म्हटले आणि आम्हीही म्हटले. मग त्यांनी आमचा, आम्ही त्यांचा फोटो काढला. लग्नानंतर आमचा दोघांचाच असा तो पहिला फोटो.

जमाखर्च

कारकुनी पेशा, त्यामुळे हिशेब दिल्याशिवाय चैन पडत नाही. दोघांचा मिळून खर्च असा : रेल्वे स्लीपरचे जाणे-येणे १,३०० रुपये, एका दिवसाचे लॉज १,०००, खाणेपिणे १,४००, शहरातील बस-रिक्षा ७००, तिकिटे आणि बोट ४५०, बांगड्या व किरकोळ खरेदी ९००. एकूण ५,७५० रुपये. पाकिटात २५० उरले. ते तसेच ठेवून त्यावर आता पुढच्या गावाचे नाव लिहिले आहे.

जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे. सालारजंग संग्रहालय शुक्रवारी बंद असते. रेल्वेचे आरक्षण आधी करावे. पाण्याची बाटली आणि आधार कार्ड जवळ असावे. पायात साध्या चपला घालाव्यात, चालणे पुष्कळ होते. कर्ज किंवा उसनवारी करून मात्र जाऊ नये. वर्षभर थोडे थोडे बाजूला टाकावे, म्हणजे परतल्यावर डोक्याला ताप नाही.

सोमवारी पहाटे जालन्यात उतरलो आणि वेळेवर कचेरीत हजर झालो. संध्याकाळी कार्यकर्ते घरी आले. सहचारिणी उठू लागल्या, तेव्हा आम्ही म्हणालो, "बसा. आज चहा आम्ही करतो." चहा थोडा पांचट झाला, पण सगळ्यांनी प्यायला. आता सोमवारचा चहा आमच्याकडे लागला आहे.

कार्यकर्ता बंधूंनो, समाजासाठी वेळ द्यावाच लागतो. पण तो वेळ आपण कोणाच्या वाट्यातून काढून देतो, हे एकदा घरी विचारून बघा. आणि भगिनींनो, त्यांनी नाही विचारले तर तुम्हीच पाकिटावर गावाचे नाव लिहून ठेवा.